आतल्या बाजूचा दुसरा खिळा

दफेदार गुंडा माने यांच्या खाकी पिशवीत हातोडी, पक्कड, कानस आणि खूर तासण्याची वाकडी सुरी यांच्या जागा ठरलेल्या होत्या. डोळे मिटून हात घातला तरी हवे तेच हत्यार हाती यावे, इतक्या ठरलेल्या. सैन्याच्या घोडदळात बावीस वर्षे नालबंद म्हणून नोकरी करून ते सांगलीस परतले, त्याला आता पंचवीस वर्षे होऊन गेली होती. तरीही पहाटे दाढी, मग बुटांना पॉलिश आणि मग चहा, हा क्रम एकदाही बदलला नव्हता. चहा आधी आला तर तो गार होऊ देत. पत्नी रंगूबाई प्रथम चिडल्या, मग हसल्या आणि शेवटी चहाच उशिरा करू लागल्या.

दफेदारांना किळस फार लवकर येई. गल्लीतले लोक याला स्वभावदोष म्हणत. त्यांना स्वतःला तो गुण वाटे. घोड्याच्या लिदीची, घामाची किंवा सडलेल्या खुरातून निघणाऱ्या पुवाची त्यांना कधीच किळस आली नाही. किळस येई ती ढिलाईची. अर्धवट मारलेल्या गाठीची, पाण्याच्या बादलीत तरंगणाऱ्या कालच्या गवताची आणि, सर्वांत अधिक, घोड्याविषयी काही ठाऊक नसताना त्याच्याविषयी भरभरून बोलणाऱ्या तोंडांची. नव्या शिपायांना ते जे नियम घोकायला लावत, त्यांतला पहिला असा होता: नाल मारल्यापासून सात दिवसांच्या आत घोडा लंगडला, तर खांदा बघू नका, गुडघा बघू नका, आधी नाल काढा. कारण चूक बहुधा घोड्याची नसते, रस्त्याचीही नसते. ती नालबंदाची असते. हा नियम सांगून झाला की स्वतःच्या छातीवर बोट ठेवून ते पुढे म्हणत, "ह्या हातानं मारलेला खिळा आजवर जित्या मासाला लागला न्हाई."

माधवनगरात एका बंद पडलेल्या कापडगिरणीच्या आवारात संयोगिताबाईंनी घोड्यावर बसवून उपचार करण्याचे केंद्र काढले, तेव्हा त्या स्वतः दफेदारांच्या दारी आल्या होत्या. बाई चाळिशीच्या, घरच्या बऱ्या, बोलण्यात गोड. केंद्राजवळ घोडी एकच होती, सुंदरी. पांढरी, काठेवाडी, दोन्ही कानांची टोके एकमेकांना टेकतील अशी वळलेली. दहा वर्षे तिने मिरजेत नवरदेव वाहिले होते. बँजो, फटाके, नाचणारी पोरे आणि शेपटीला लागणारे हात हे सर्व सोसून ती इतकी निबर झाली होती की, तिच्या पाठीवर कोणालाही बसवावे. लुळ्या पायांचे, थरथरत्या हातांचे, भीतीने आक्रसलेले, कोणीही.

दफेदारांनी तिचे खूर पाहिले, दात पाहिले, आणि म्हणाले, "ठेवतो. पर पागेत माझा हुकूम चालंल."

पागेत त्यांचा हुकूम चालू लागला. आणि तिथे, आयुष्यात प्रथमच, घोड्याविषयी बोलल्या जाणाऱ्या मोठ्या शब्दांपैकी काही खरे निघालेले त्यांनी पाहिले. याला कारण गुणमाला.

गुणमाला ही हळदीचे अडते आदगोंडा पाटील यांची थोरली मुलगी, वय चौतीस. वडिलांच्या अडतीत बसून हळकुंड मोडून त्याच्या आवाजावरून माल पारखणारी बाई म्हणून साऱ्या मार्केट यार्डात तिचा दरारा होता. दोन वर्षांपूर्वी स्कूटरवरून पडली, कंबरेच्या मणक्याला मार बसला आणि पायांतले बळ गेले. डॉक्टरांनी सर्व उपाय केले. त्यांतलाच एक म्हणजे ही घोडी. केंद्रातली फिजिओथेरपिस्ट दीपाली तिला नीट समजावून सांगे: घोडा चालतो तेव्हा त्याची पाठ ज्या तऱ्हेने हलते, त्याच तऱ्हेने माणूस चालताना माणसाची कंबर हलते. म्हणून न चालता येणाऱ्या माणसाला घोडा चालवून आणतो. कंबरेला विसरलेली गोष्ट आठवते. मात्र त्यासाठी घोड्याची चाल चारही पायांवर समान हवी. एक पाय जरी कमी टेकला, तरी वर बसलेल्याच्या शरीरात तेवढाच वाकडेपणा शिरतो.

दफेदारांना हे पटले, कारण यात ऊर्जा नव्हती, आत्मा नव्हता. चार पाय आणि एक कंबर यांचा हिशेब होता. आठवड्यातून तीन दिवस सकाळी आठ वाजता ते दोर धरून पुढे चालत, दीपाली बाजूने चाले आणि गुणमाला वरून दोघांनाही बोलत असे.

"काका, आवं जरा हसा की. तुमचं त्वांड बघून घोडीला वाटतंय आज कुणीतरी गेलंय."

"तू पाठ ताठ ठेव."

"ठेवलीया. तुमच्यापरीस ताठ हाय."

सहा महिन्यांत ती घोडीवरून उतरल्यावर काठी घेऊन अकरा पावले चालू लागली. अडतीच्या दुकानाला चार पायऱ्या होत्या. अपघातानंतर ती त्या चढली नव्हती. भाऊ खुर्चीसकट उचलून नेतो म्हणाले, तर तिने त्यांना असे काही सुनावले की पुन्हा कोणी तो विषय काढला नाही. नव्या हळदीचे सौदे सुरू होतील त्या दिवशी त्या चार पायऱ्या स्वतःच्या पायांनी चढायच्या, असे तिने ठरवले होते. दीपालीने हिशेब करून सांगितले, जमेल. पण मधे खंड पडता कामा नये. सौद्यांना चार आठवडे होते.

नेमक्या त्याच सुमारास संयोगिताबाईंना दुसरी वाट सापडली. आजाऱ्यांना बरे करण्यास वर्षे लागतात. धडधाकट माणसांना बरे वाटू देण्यास तीन दिवस पुरतात, हे त्यांच्या ध्यानात आले. पुण्याच्या एका कंपनीतले वीस लोक सातारा जिल्ह्यातल्या खंडाळ्याजवळच्या एका रिसॉर्टवर व्यक्तिमत्त्व विकासासाठी येणार होते. घोडी तिकडे न्यायची. "तीनच दिवस, काका," बाई म्हणाल्या. "गुणमालाची फक्त एक सकाळ बुडेल. आणि हो, सुंदरीचे नाल फार झिजलेत हो. फोटोत बरं दिसत नाही. नवे मारा ना. तुमच्यासारखा नालबंद आख्ख्या महाराष्ट्रात नाही."

लांबच्या प्रवासाआधी निदान चार दिवस नाल मारू नये, हा दफेदारांचा स्वतःचा नियम. पण शेवटचे वाक्य त्यांच्या कानांत गोड लागले. ट्रक दारात उभा असताना, निघायच्या सकाळी, त्यांनी सुंदरीच्या पुढच्या दोन्ही पायांना नवे नाल मारले. प्रत्येक नालास सात खिळे: बाहेरून चार, आतून तीन. उजवा डोळा वर्षभरापासून धुरकट झाला होता. सुई ओवायला ते रंगूबाईंना हाक मारीत, पण ही गोष्ट घराबाहेर गेलेली नव्हती. शिवाय जे खूर आपण शेकडो वेळा हाती घेतले, त्यांना डोळा कशाला हवा? हात पाहतो, कान ऐकतो. खिळा खुराच्या कोरड्या भिंतीतून जात असला की हातोडीखाली तो खणखणतो. आत जिवंत भागाकडे वळला की आवाज बसतो. डाव्या पायाच्या आतल्या बाजूचा दुसरा खिळा ठोकत असताना ट्रकवाल्याने हॉर्न दिला. आवाज हॉर्नमध्ये बुडाला, असे दफेदारांनी ठरवले आणि तिसरा खिळा हाती घेतला.

साताऱ्यावरून, खंबाटकीच्या बोगद्यातून दुपारी ट्रक खंडाळ्यास पोहोचला, आणि तिथून पुढच्या तीन दिवसांत किळस या शब्दाचे जेवढे प्रकार असू शकतात तेवढे दफेदारांनी अनुभवले.

आवारात हिरवळ होती आणि हिरवळीच्या मधे वाळूचे एक वर्तुळ केले होते. पाहुणे पांढऱ्या, सैलसर कपड्यांत अनवाणी आले. घोड्याजवळ अनवाणी! दफेदारांनी दोघातिघांना बूट घालायला सांगितले. त्यांनी हसून हात जोडले. संयोगिताबाई म्हणाल्या, "घोडी तुमचा आरसा आहे. तिच्यापासून काहीही लपत नाही. तिला सगळं कळतं." मग एकेकाने पुढे येऊन सुंदरीच्या कपाळाला कपाळ लावायचे होते. एका बाईने तत्पूर्वी स्वतःच्या तळहातांना कसलेसे सुगंधी तेल चोळले आणि ते हात घोडीच्या नाकपुड्यांवर ठेवले. सुंदरी सलग चार वेळा शिंकली.

"बघितलंत?" संयोगिताबाईंचा आवाज भरून आला. "तुमचं दुःख तिनं स्वतःत घेतलं आणि सोडून दिलं."

ती बाई ढसाढसा रडली. दफेदारांनी ओल्या फडक्याने घोडीचे नाक पुसले, फडके पिळले, पुन्हा पुसले. इतक्यात सुंदरीने शेपूट उचलून लीद टाकली, आणि तिच्यात स्वतःला पाहणारी सारी मंडळी नाकाला रुमाल लावून दहा पावले मागे सरली. ताजी, घट्ट, निरोगी लीद होती. दफेदारांच्या मते त्या दिवसभरात त्या वर्तुळात पडलेली तीच एक सच्ची गोष्ट.

दुसऱ्या दिवशी प्रत्येक पाहुण्याने दोर धरून घोडीबरोबर एक फेरी मारायची होती आणि चालता चालता मनातले ओझे तिला सांगायचे होते. पहिला गृहस्थ उंच, पांढऱ्या दाढीचा, कंपनीत कोणीतरी मोठा. तो सुंदरीच्या कानाशी पुटपुटत निघाला, आणि सुंदरी मान डोलावू लागली.

चालताना घोड्याची मान थोडी हलतेच, ती संथपणे. ही तशी नव्हती. डावा पाय वाळूत टेकला की मान हिसक्याने वर जाई. उजवा टेकला की खाली येई. घोडा पुढच्या पायाने लंगडतो तेव्हा असेच होते. दुखऱ्या पायावरचा भार मानेने उचलायला बघतो. दफेदारांनी हे दहा पावलांत ओळखले. पाहुण्यांनी ओळखले ते वेगळेच.

"ती हो म्हणतेय!" कोणीतरी कुजबुजले. "त्याच्या प्रत्येक वाक्याला ती हो म्हणतेय!"

फेरी संपली. सुंदरी उभी राहिली आणि डावा पाय तिने पुढे काढून नुसताच टेकवून ठेवला. त्यावर एका मुलीने तिच्या पुढ्यात गुडघे टेकले, कारण घोडीने तिला नमस्कार केला होता. यानंतर रांग लागली. नोकरी सोडू का? मान डोलली. आईला माफ करू का? मान डोलली. वीसपैकी तेरा माणसांना त्या दुपारपर्यंत होकार मिळाला.

रिसॉर्टचा रखवालदार कोंडीबा हा खंडाळ्याचाच, त्यांच्याच वयाचा. तो तंबाखू मळत जवळ आला.

"काय दफेदार, घोडी देवरुषी झाली म्हणायची तुमची. समदी रडाय लागल्यात."

"रडू दे."

"मी बी ईचारू का? बायकू माहेराला जाऊन बसलीया, तिला आणाय जाऊ का म्हणून?"

"ईचार की. तुला बी व्हय म्हणंल. आज ती समद्यास्नी व्हय म्हणाय लागलीया."

"का वं?"

"पाय दुकतोय तिचा, म्हणून."

कोंडीबाचा मळणारा हात थांबला. "आन ह्यास्नी कुणाला दिसंना व्हय ते?"

"त्यास्नी ती सोडून समदं दिसतंय."

दफेदारांनी घोडीचा खांदा दाबून पाहिला. गुडघा वाकवून पाहिला. तळव्यात खडा अडकला आहे काय हे सुरीच्या टोकाने पाहिले. मग वाळूला शिव्या दिल्या, ट्रकला दिल्या, हिरवळीखालच्या दगडांना दिल्या.

कोंडीबा हे सर्व पाहत होता. "आमच्या बैलाच्या खुराला पत्री मारली की येकांद्या येळेला असाच चालायचा. खिळा लागायचा. तसलं काय न्हाई न्हवं?"

"बैल आन घोडी येक न्हवं!" दफेदार इतक्या जोराने खेकसले की सुंदरीने कान मागे टाकले. "आन तुमच्या बैलाला पत्री मारणारा आन मी येक न्हवं."

"ऱ्हायलं गड्या," कोंडीबा म्हणाला आणि तंबाखू तोंडात टाकून फाटकाकडे गेला.

सायंकाळी चहाच्या वेळी दफेदारांनी संयोगिताबाईंना गाठले. टाचा जुळवून ते म्हणाले, "मॅडम, घोडी लंगडतीया. उद्या ती वर्तुळात जाणार न्हाई."

"काका, उद्या दुपारपर्यंतच. शेवटचं सत्र आहे. लोकांना केवढं मिळतंय बघा ना तुम्ही."

"त्यास्नी मिळतंय. तिचं जातंय."

बाईंचा चेहरा उतरला. त्या दुष्ट नव्हत्या; आपण बोलतो ते सर्व त्यांना खरेच वाटत असे, आणि दफेदारांना त्याचाच अधिक उबग येई. बाईंनी कप खाली ठेवला. "नक्की काय झालंय सांगा. नालाचं काही आहे का? तसं असेल तर आत्ता थांबवते सगळं. रोज तिच्यावर आजारी माणसं बसतात, तेवढं मला कळतं."

दफेदारांनी सरळ समोर पाहिले.

"न्हाई," ते म्हणाले. "नाल मी मारलाय. खांद्याला मुरगळ असंल."

"मग उद्या फेऱ्या नकोत. नुसती उभी करू मधोमध. चालेल?"

"चालंल," दफेदार म्हणाले.

तिसऱ्या दिवशी उजाडताना ते पागेत गेले, तेव्हा रात्रीचे गवत तसेच पडलेले होते. सुंदरी तीन पायांवर उभी होती. डाव्या खुराला हात लावला तर तो तव्यासारखा तापलेला, आणि खुराच्या वर, घोट्यामागे, नाडी बोटांना ठोसे मारीत होती. आता खांदा नाही, गुडघा नाही, वाळू नाही. दफेदारांनी पिशवी उघडली. पक्कड हाती आली. एकेक खिळा पकडीत धरून त्यांनी खूर किंचित दाबत नेला: बाहेरचा पहिला, दुसरा, तिसरा, चौथा. घोडी गप्प होती. आतला पहिला, गप्प. आतला दुसरा दाबताच तिने पाय हिसडून घेतला आणि कण्हली. दहा वर्षे फटाक्यांत उभी राहिलेली घोडी कण्हली.

त्यांनी खिळ्यांची वळवलेली टोके कापली, नाल उचकटला. सहा खिळे कोरडे निघाले. सातवा काळा आणि ओला निघाला आणि त्याच्या मागोमाग छिद्रातून दाट, राखी रंगाचा पू वाहू लागला. त्याचा वास दफेदारांना नवा नव्हता. शेकडो वेळा, दुसऱ्यांनी मारलेल्या खिळ्यांमागून आलेला तो वास त्यांनी निर्विकारपणे घेतला होता. आज त्यांना किळस आली. 

मग त्यांनी छिद्र सुरीने मोकळे केले, मिठाच्या गरम पाण्यात खूर बुडवला आणि कोंडीबाला जनावरांच्या सरकारी डॉक्टरकडे पिटाळले. डॉक्टरने धनुर्वाताचे इंजेक्शन दिले आणि तीन आठवडे घोडीवर कोणालाही बसवू नका असे बजावले. तीन आठवडे. दफेदारांनी मनात मोजले. सौदे सुरू होण्यास आता जवळजवळ तेवढेच दिवस उरले होते. त्यात विश्रांतीनंतरची आठवडाभराची सावध चाल धरली, तर काहीच उरत नव्हते.

दहा वाजता वर्तुळ भरले. पाहुणे मांडी घालून बसले होते. मधली जागा घोडीसाठी मोकळी होती. त्या जागेत दफेदार एकटेच येऊन उभे राहिले. बुटांना पॉलिश होते. शर्टाच्या बाहीवर पुवाचा डाग होता आणि तो तसाच राहू दिलेला होता.

"सुंदरी येणार न्हाई," ते म्हणाले.

तेल लावणाऱ्या बाईने मान वर केली. "पण तिनं काल मला हो म्हटलं होतं. आज मला तिला फायनल विचारायचं होतं."

"तिनं कुणाला काय बी म्हटलेलं न्हाई, बाई. ती लंगडत हुती. पाय टेकला की कळ यायची, म्हणून मान वर जायची. तुमी सांगा न्हाईतर सांगू नका, ती तशीच हलली असती." त्यांनी मूठ उघडली. तळहातावर काळा खिळा होता. "ह्यो खिळा तिच्या जित्या मासात हुता. मी मारलेला. मला माझ्या डोळ्यानं दिसत न्हाई, ते मी लपवलं. ठोकताना आवाज बसला हुता, ते बी मी ऐकून सोडलं. काल मॅडमनी ईचारलं, तवा मी खोटं बोललो. दोन दिस घोडी माझ्यापायी दुखणं सोसत तुमच्यासंगं चालली. एवढंच सांगायचं हुतं."

 दफेदार ताठ उभे होते. त्यांना एवढेच हवे होते की कोणीतरी उठून त्यांना बोल लावावा. सैन्यात लावला असता, बाहीवरची हुद्द्याची पट्टी उतरवली असती, आणि ते योग्य झाले असते.

त्याऐवजी टाळ्या सुरू झाल्या.

प्रथम एकाने, मग साऱ्यांनी. पांढऱ्या दाढीचा गृहस्थ डोळे पुसत उठला आणि त्याने दफेदारांना मिठी मारली. त्याच्या अंगाला त्या तेलाचा वास होता. "काका, केवढं धाडस आहे हे! तीन दिवसांतलं सगळ्यात सुंदर शेअरिंग." संयोगिताबाईही रडत होत्या. "बघा," त्या सर्वांना म्हणाल्या, "घोडीनं काकांनासुद्धा मोकळं केलं."

दफेदारांनी ते हात आपल्या अंगावरून एकेक करून, कपड्यावरचे किडे काढावेत तसे काढले. गुन्हा कबूल केला आणि शाबासकी मिळाली, असे बावीस वर्षांच्या नोकरीत एकदाही घडले नव्हते. ते पागेत गेले, घोडीचा पाय पुन्हा गरम पाण्यात धरला आणि ट्रक येईपर्यंत सोडला नाही. फाटकाशी कोंडीबा उभा होता. "टाळ्या कशाला वाजल्या वं?" त्याने विचारले. दफेदार म्हणाले, "त्यास्नीच ठावं," आणि थोड्या वेळाने, "तुजं बरोबर हुतं, कोंडीबा. खिळाच हुता."

माधवनगरला गुणमाला दुसऱ्या दिवशी आठ वाजता रिक्षातून उतरली, तेव्हा सुंदरी खोगिराविना उभी होती आणि तिचा एक पाय घमेल्यात होता. दीपालीने तिला खुर्ची दिली. दफेदार समोर जाऊन उभे राहिले आणि खंडाळ्यात सांगितले तेच, त्याच क्रमाने त्यांनी सांगितले. शेवटी तीन आठवड्यांचे सांगितले.

गुणमालाने टाळ्या वाजवल्या नाहीत. तिने घमेल्यातल्या पायाकडे पाहिले.

"खिळा ठोकताना आवाज येतो न्हवं?" तिने विचारले.

"येतो."

"आमच्या हळकुंडाला येतो तसा. मोडलं की कळतं, आत वाळलंय का वलं हाय."

"तसाच."

"मग तवा कळलं हुतं तुमाला."

दफेदारांच्या ओठांशी ट्रकचा हॉर्न आला होता. त्यांनी तो गिळला. "व्हय," ते म्हणाले. "कळलं हुतं."

"आन तरी फुडचा खिळा मारलासा."

"व्हय."

"लाज वाटाय पायजे, काका." ती मोठ्याने बोलली नाही. बाजारात वजनात मारणाऱ्या माणसाशी ती ज्या आवाजात बोलत असे, तोच हा आवाज होता. "मी त्या चार पायऱ्या रोज झोपताना मनात चढत हुते. तुमाला ते ठावं हुतं. घरात कुणाला सांगितलं न्हाई, तुमाला सांगितलं हुतं."

दफेदार उभेच होते. खंडाळ्यापासून जी शिक्षा ते शोधत होते, ती अखेर मिळाली होती. आणि ती मिळाल्याने हलके वाटेल असे जे त्यांना वाटले होते, ते मात्र काही वाटले नाही.

"डोळं दाखवलं का कुणाला?" तिने विचारले.

"न्हाई."

"दाखवा. आन त्या पिशवीला पुन्यांदा हात लावायचा न्हाई. पाय कितींदा शेकायचा हिचा?"

"दोनदा. सकाळी आन सांच्याला."

"सकाळी मी येते," ती म्हणाली, आणि त्यानंतर त्यांच्याशी एक शब्दही बोलली नाही. रोज आठ वाजता येई, खुर्ची घमेल्याशेजारी ओढून घेई आणि तांब्याने घोडीच्या पायावर गरम पाणी सोडत राही. पाचव्या दिवशी संयोगिताबाई हा देखावा मोबाइलमध्ये टिपू लागल्या. गुणमालाने तांब्या खाली ठेवला. "ताई, चित्र काढायचं असंल तर त्या खिळ्याचं काढा. माझं न्हाई, घोडीचं न्हाई." बाईंनी मोबाइल पर्समध्ये टाकला, आणि खंडाळ्याला पुन्हा घोडी नेण्याची गोष्ट त्यांनी त्यानंतर काढली नाही, निदान त्या आवारात तरी.

नव्या हळदीचा पहिला सौदा ठरल्या दिवशी झाला. आदगोंडा दुपारी केंद्रावर आले, दफेदारांच्या शेजारी बाकावर बसले आणि टोपी काढून मांडीवर ठेवली. "माल चांगला आला," ते म्हणाले. "पोरगी आली न्हाई. पायरीला येक जणानं खुर्ची आणून ठेवली हुती, ती मीच मागं पाठवली." एवढे बोलून ते उठून गेले. न रागावलेल्या त्या माणसाची पाठ फाटकाबाहेर जाईपर्यंत दफेदारांना बाकावरून उठवले नाही.

त्याच आठवड्यात रंगूबाईंनी त्यांना मिरजेला नेऊन डोळा दाखवला आणि मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेची तारीख घेतली. "वरीसभर सांगतीया," एवढेच त्या म्हणाल्या.

खूर कोरडा झाला तेव्हा नवा नाल मारण्यास मिरजेहून सम्मेद आला. शर्यतीच्या घोडागाड्यांच्या घोड्यांना नाल मारणारा तिशीचा तरुण, चुणचुणीत. दफेदारांनी खाकी पिशवी त्याच्यापुढे ठेवली. सम्मेदने ती उघडली आणि प्रत्येक हत्यार जिथल्या तिथे पाहून त्याने आदराने त्यांच्याकडे बघितले. मग बाह्या सरसावून म्हणाला, "काका, पाय धरा."

पाय धरणे हे नव्या रंगरुटाचे काम. दफेदार वाकले, सुंदरीचा डावा पाय त्यांनी मांडीवर घेतला आणि म्हणाले, "धरलाय." सात खिळे बसेपर्यंत कान देऊन ते प्रत्येक ठोका ऐकत होते. आतल्या दुसऱ्या खिळ्याला सम्मेद थांबला, जुन्या छिद्रापासून बोटभर दूर सरला आणि विचारता झाला, "हितं चालंल?"

"तुला आवाज कसा येतोय?"

"खणखणीत."

"मग मार."

चार दिवस घोडी नुसती फिरवली. पाचव्या दिवशी आठ वाजता दीपालीने गुणमालाला पाठीवर बसवले. दफेदारांनी दोर धरला.  दुसऱ्या फेरीच्या मध्यावर वरून आवाज आला, इतक्या दिवसांनी पहिल्यांदा त्यांना ऐकू जावा असा.

"काय गं सुंदरे, माफ करायचं का ह्या म्हाताऱ्याला?"

दफेदार मागे वळले आणि घोडीची मान पाहू लागले. डावा पाय टेकला. उजवा टेकला. पुन्हा डावा. मान सरळ होती, संथ होती; हिसका कुठेच नव्हता.

"न्हाई म्हणतीया," गुणमाला म्हणाली.

"न्हाई म्हणू दे," दफेदार म्हणाले, आणि तिला पाठ ताठ ठेवायला सांगून ते पुढे चालू लागले.